बदकांचा लाल फ्रॉक

“उतरव. आधी त्यो फ्रॉक उतरव. माझ्या लेकीचा हाय त्यो.”

बाई रस्त्यात उभी राहून ओरडत होती, आणि आवाज असा होता की गंजगोलाईच्या बाजारातली कबुतरं त्या दिवशी उडाली ती थेट उदगीरला जाऊन उतरली. यावर मी शपथ घेत नाही, कारण माझ्या शपथेला लातुरात कुणी विचारत नाही. पण समोरच्या माडीवर क्लास भरला होता, तिथं सूत्रं घोकणारी पोरं एकदम गप्प झाली, हे खरं. ती पोरं भूकंपानंतर रोज बसणाऱ्या हादऱ्यांनाही गप्प व्हायची नाहीत. बाक धरायची आणि पुढचं सूत्र म्हणायची.

मी माझ्या फोटो स्टुडिओत कॅमेऱ्यामागं उभा होतो. समोर स्टुलावर त्याच क्लासचे सर बसले होते, जाहिरातीच्या पत्रकासाठी फोटो काढून घ्यायला. ‘हलू नका’ असं मी त्यांना सांगितलं होतं आणि ते हलत नव्हते. आतल्या दारात माझी बायको उभी. तिच्या कडेवर आमचा मुलगा, दोन पूर्ण होऊन तिसऱ्यात गेलेला, आणि मुलाच्या अंगात तो लाल फ्रॉक.

“कोण हाय हो ही?” बायकोनं विचारलं. हळूच विचारलं, पण पोराला असं आवळलं की ते कुरकुरलं.

मी बाईकडं नीट बघितलं. ओळखलं मी तिला. औशाच्या पलीकडलं तिचं गाव. त्या गावातून हा फ्रॉक मीच मागून आणला होता. भूकंपानंतर ते गाव आता नव्हतं.

मुलाला फ्रॉक कशाला, हे सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही.

आमची आधीची दोन लेकरं गेली. पहिलं तर पाचवी पुजायच्या आत. दुसरी मुलगी. ती धरून धरून बसायला लागली तेव्हा मी तिला स्टुडिओतल्या मखमली खुर्चीत बसवून फोटो काढला, मोठा केला आणि बाहेरच्या काचेच्या कपाटात लावला. फोटो असा आला होता की तो बघायच्या नादात माणसं सायकलवरून पडायची. एक तर बैलगाडीतून पडला. त्याच महिन्यात तिला ताप भरला आणि ती गेली. बायकोनं कपाटातला फोटो काढून नेला, कुठं ठेवला ते मला आजपर्यंत ठाऊक नाही. मी ‘योगायोग’ म्हणालो. मोठ्यानं म्हणालो. हळू म्हटलं असतं तर मलाच पटलं नसतं.

मग हा मुलगा झाला आणि आम्ही त्याच्याभोवती असा बंदोबस्त लावला की मंत्र्याला नसेल. नाव असं ठेवलं की यमानं ऐकून नाक मुरडावं. ते इथं लिहीत नाही, पोरगा आता माझ्याहून उंच आहे. नाक टोचलं. पाचव्या वर्षी जावळ काढेपर्यंत केसाला कात्री लावायची नाही. तोवर दुकानातला नवा कपडा नाही. मुलीचे कपडे घालायचे, तेही मागून आणलेले, ज्या घरात लेकरं जगली त्या घरातले, आणि लेकराच्या अंगावरून उतरवलेले. आमच्या गल्लीतल्या बांगडीवाल्यांच्या चाचीनं पहिलं झबलं दिलं, नातवाच्या अंगावरून काढून, फुंकर मारून. देणाऱ्यानं बदल्यात काही घ्यायचं नाही. घेणाऱ्यानं जावळाच्या आत परत द्यायचं नाही. परत दिलं तर ज्या आयुष्याच्या भरवशावर आणलं, ते आयुष्यही परत दिल्यासारखं होतं.

आणि फोटोचं तर नावच काढायचं नाही. बायकोनं हा नियम घातला तेव्हा माझ्याकडं न बघता घातला.

म्हणजे बघा. निम्म्या जिल्ह्याच्या लेकरांचे फोटो माझ्या हातचे. स्टुडिओत कपड्यांची पेटी होती. तीत एक निळा कोट, एक टाय, पोलिसाचा ड्रेस, झालरीचा झगा. रानातून आलेलं लेकरू बनियनवर यायचं आणि साहेब होऊन फोटोत बसायचं. कोट प्रत्येकाला ढगळ व्हायचा, मग मी पाठीमागं कापड गोळा करून कपडे वाळत घालायचे चिमटे लावायचो. समोरून बघाल तर लंडनचा शिंपी, मागून बघाल तर दोरीवरचं धुणं. क्लासेस सुरू झाले तशी मोठी पोरंही यायला लागली, फॉर्मवर लावायला फोटो पाहिजे म्हणून. त्यांना मोठा काळा कोट. एका वर्षी एका क्लासच्या फलकावर झळकलेल्या पोरांपैकी निम्मी माझ्या कोटात होती. लातूरच्या त्या कोटाला बसवून परीक्षा घेतली असती तर तो एकटाच डॉक्टर आणि इंजिनियर झाला असता. एवढं सगळं करणारा मी, आणि माझ्या घरात माझ्या मुलाचा एक फोटो नाही.

भूकंपाच्या आदल्या वर्षी या बाईच्या गावच्या जत्रेत मी माझा पडदा घेऊन गेलो होतो. पडद्यावर विमान आणि विमानाची पायरी. लेकरू पायरीवर उभं केलं की निघालं दुबईला. पाणी मागायला म्हणून बाईच्या दारात गेलो तर अंगणात घरच्या-भावकीच्या लेकरांचा हा गोंधळ. भरलेलं घर बघून मी मुलासाठी कपडा मागितला. तिनं एका शब्दानं विचारलं नाही. तीन-साडेतीन वर्षांची तिची मुलगी खेळत होती, तिला धरलं आणि अंगातला फ्रॉक उपसून माझ्या हातात दिला. लाल, छातीवर पिवळ्या दोऱ्यानं भरलेली दोन बदकं. पोरगी चड्डीवर उभी, मग भोकाड पसरून ज्वारीच्या पोत्यांमागं पळाली.

“बाई, पोरीला बोलवा. एक फोटो काढतो, फुकट,” मी म्हणालो.

“फुकट कशाचा? फ्रॉकच्या बदल्यात झाला की त्यो,” ती हसून म्हणाली. “बदल्यात काय घेतलं तर तुमच्या लेकराला लाभायचं न्हाई. पुढल्या जत्रेला या, पैशे देऊन काढू.”

पुढली जत्रा त्या गावात भरली नाही.

तर आता ती बाई माझ्या दारासमोर. सोबत तिचा भाऊ होता. तो पायरीवर येऊन मला म्हणाला, “फोटोवाले, राग धरू नका. मदतीच्या कागदाला अक्काचा फोटो लावायचा हाय म्हणून आणलो होतो. दाजी आन् पोरगा शेतातल्या आखाड्यावर झोपायला गेले होते, ते वाचले. अक्काला ढिगाऱ्यातून काढली. पोरीला काढली ती...” तो थांबला. “अक्का आता छताखाली येत न्हाई. बाहीर काढता का फोटो?”

बाई रस्त्यातच उभी होती, एका जागी, डोक्यावर काही नाही याची वर बघून बघून खात्री करत. ती आत येणार नव्हती. आणि माझी बायको बाहेर जाणार नव्हती. मधे उंबरा.

“सारं निघालं घरातलं,” बाई आता सगळ्या गल्लीला सांगत होती. “जातं निघालं. कळशी निघाली. तिचं एक चिंधूक न्हाई निघालं. फोटू न्हाई. आन् हितं तिचा फ्रॉक हिंडायलाय.”

“देता येत न्हाई, अक्का,” बायको आतून म्हणाली. “जावळ व्हायचंय अजून.”

“म्या दिला म्हणून जगलं तुझं लेकरू.”

“हाव,” बायको म्हणाली. “म्हणूनच देता येत न्हाई.”

भर बाजारात एका म्हशीला मी मालकाविरुद्ध बोलून फितवलं होतं, पण इथं कुणाला फितवावं? दोघींचंही खरं होतं आणि फ्रॉक एक होता.

स्टुलावरून सरांचा आवाज आला, ओठ न हलवता. “मी हलू का?”

“थोडं थांबा सर.”

मग मी माझी अक्कल चालवली. बायकोच्या कानाशी जाऊन म्हणालो, असंच कापड मिळतं बाजारात, शिंप्याकडून डिट्टो फ्रॉक शिवून घेऊ, बदकांसकट, दोनदा धुऊ, बाईच्या हातात देऊ.

बायकोनं माझ्याकडं असं बघितलं की मी पुढचे दोन शब्द गिळले. “तिनं अंगातला दिलता,” ती म्हणाली. “तुमी दुकानातला द्या.”

तेवढ्यात वरचा दिवा हलला. माझ्या स्टुडिओत फोटोचा मोठा दिवा तारेला टांगलेला असायचा, आणि त्या दिवसांत आम्ही सगळे बोलताना एक डोळा त्याच्यावर ठेवायचो. आधी दिवा हलायचा, मग पेल्यातलं पाणी, मग पाय. तो हादरा फार मोठा नव्हता. मी लोकांना सांगताना तो मोठा करून सांगतो, त्यात सर पत्र्यावर जाऊन बसतात, पण खरं म्हणजे फक्त खिडकीची तावदानं वाजली. तरी सगळी गल्ली रस्त्यात आली. माडीवरची पोरं जिन्यावरून पाण्यासारखी खाली आली. सर सगळ्यांच्या आधी, अंगात माझा काळा कोट, पाठीला चार चिमटे. आणि माझी बायको, पोराला छातीशी धरून, धावत बाहेर पडली ती बरोबर त्या बाईसमोर जाऊन थांबली.

मी दारातून बघत होतो. बाईचा हात फ्रॉककडं गेला. आता ओढणार, फाडणार, पोर रडणार, हे मला दिसलं. तिनं ओढला नाही. दोन बोटांत फ्रॉकची कड धरली आणि आतली शिवण उलटून बघितली. मग त्याच हातानं पोराच्या डोक्यावरून, मानेवरून, पाठीवरून चाचपत खाली आली. सगळं जागेवर आहे का ते बघावं तशी. आमचा पोरगा परक्यानं बघितलं तरी घर डोक्यावर घ्यायचा. तो गप्प राहिला. मला ते बरं वाटलं नाही. बायकोलाही वाटलं नाही, तिची बोटं पांढरी पडली होती.

हादरा थांबला होता, पण कुणी आत जात नव्हतं.

बाई आता ओरडत नव्हती. “तुमी म्हणला होता, फोटू काढतो,” ती माझ्याकडं न बघता म्हणाली. “म्या नको म्हणले.”

बायकोनं मान खाली घातली. तो किस्सा मी तिला रंगवून सांगितलेला होता, पोत्यामागं पळालेल्या पोरीची नक्कल करून. बदल्यात काही घेतलं नाही म्हणून बाईकडं फोटो नव्हता, आणि बदल्यात काही घेतलं नाही म्हणून आमचं पोर कडेवर होतं. आम्हा तिघांनाही ते एकदमच उमगलं असावं, कारण कुणीच कुणाकडं बघेना.

मग बायको मला म्हणाली, “ह्याचा फोटो काढला फ्रॉकमधी, तर तोंड येतंयच का?”

“म्हणजे?”

“पाठमोरा काढा. तोंड न्हाई दिसलं तर नजर कशाला लागंल?” हे ती मला विचारत होती का स्वतःला सांगत होती, कळलं नाही. मग बाईला म्हणाली, “केस लांब हायत त्याचे. माघून पोरगीच वाटतीय. चालंल का, अक्का?”

बाईनं मान हलवली आणि पहिली गोष्ट विचारली, “लाल दिसंल का?”

मी रोज काळेपांढरे फोटो काढायचो. त्यात लाल रंग काळा येतो. पण एका लग्नाचा रंगीत रोल कॅमेऱ्यात अर्धवट राहिला होता. “दिसेल,” मी म्हणालो.

बाईनं कंगवा मागितला. स्टुडिओच्या पेटीतल्या दोन पांढऱ्या रिबिनी मी आणून दिल्या. मग भर रस्त्यात, क्लासच्या सगळ्या पोरांसमोर, ती मातीत मांडी घालून बसली, आमच्या मुलाला पुढ्यात घेतलं आणि वेणी घातली. दोन वेण्या, घट्ट, कानामागून. भाऊ दुसरीकडं तोंड करून उभा राहिला. सर चिमट्यांसकट हात बांधून उभे होते आणि पोरांना सांगत होते, “मागं सरका, उजेड अडवू नका.” हा माणूस एरवी पोरांना पाणी प्यायला सोडायचा नाही.

मी विमानाचा पडदा आणू का म्हणालो. बाई म्हणाली, “माघं भिंत नको.” पडदा म्हणजे भिंत नाही हे मी सांगितलं नाही. गल्लीचा रस्ता मोकळा केला. मुलाला मधे उभं केलं, पाठ माझ्याकडं. बायको त्याच्या पलीकडं दूर, क्लासच्या जिन्यापाशी, चौकटीबाहेर जाऊन उभी राहिली आणि टाळ्या वाजवून म्हणायला लागली, “माझ्याकडं बघ. माझ्याकडंच बघ, राजा. वळायचं न्हाई.”

एका मंत्र्याचा हत्तीवरून पडतानाचा फोटो मी न हलता काढलाय, असं मी सांगतो. पण त्या दिवशी श्वास धरूनही कॅमेरा स्थिर राहीना. चौकटीत लाल पाठ, दोन वेण्या, मातीनं भरलेले दोन पाय. मी बटण दाबलं.

आणि त्याच क्षणी माझ्या पाठीमागून बाईनं हाक मारली. तिच्या मुलीचं नाव घेऊन. तिनं ठरवून मारली नव्हती, तोंडातून गेली.

मुलगा वळला.

आधी बटण की आधी हाक? आधी वळला की आधी बटण? बायको जिन्यापासून पळत आली, पोराला उचललं, रिबिनी सोडायला लागली. तिच्या हाताला गाठ सुटेना. “वळला का त्यो? आला का त्यात?”

“नाही आला,” मी म्हणालो. मी आयुष्यात खूप थापा मारल्या आहेत, पण ती थाप नव्हती. मला ठाऊकच नव्हतं. मी ते खात्रीनं म्हणालो, एवढंच.

रंगीत रोल लातुरात धुतला जायचा नाही. एसटीनं सोलापूरला पाठवायचा आणि वाट बघायची. मी तो पाठवला आणि दुसऱ्याच दिवशी मुलाला ताप भरला.

बायको त्याच्या उशाशी बसून राहिली, फ्रॉक अंगात तसाच. मी कपाळाला हात लावायला गेलो की माझा हात अलगद बाजूला करायची. कॅमेऱ्याचा हात म्हणून. डॉक्टर म्हणाले, घसा आलाय, उघड्यावर झोपणाऱ्या अर्ध्या गावाच्या लेकरांचा आलाय. हे त्यांनी सांगितलं आणि मी बायकोला सांगितलं, आणि ती म्हणाली, “आपल्या पोरीला बी घसाच आलता.”

मग मला म्हणाली, “रोल माघारी आणा.”

मी एसटी स्टँडवर गेलो. आज मी सांगतो की सोलापूरच्या गाडीमागं तुळजापूरच्या फाट्यापर्यंत पळालो, चप्पल तिथंच राहिली. खरं म्हणजे पार्सलच्या खिडकीवर उभा राहिलो आणि पार्सलवाल्यानं सांगितलं, पाकीट कालच गेलं, आता तिथं धुतलंही असेल. मी तिथल्या बाकावर बसलो. क्लासला आलेली पोरं ट्रंका घेऊन उतरत होती, बाप त्यांच्यामागं गाद्या घेऊन. ज्या गावात जमीन हलत होती, तिथं लोक आपली पोरं आणून सोडत होते. मी माझ्या पोराला उचलून कुठं न्यावं याचा विचार करत होतो आणि मला एक गाव सुचेना.

सोलापुरात कुठल्याशा अंधाऱ्या खोलीत, औषधाच्या पाण्यात, माझ्या मुलाचा चेहरा उमटत असेल किंवा नसेल. आणि इथं त्याचा ताप उतरत नव्हता. या दोन गोष्टींचा काही संबंध नाही, असं मी त्या बाकावर बसून मोठ्यानं म्हणालो. शेजारचा माणूस उठून दुसऱ्या बाकावर गेला.

पाकीट आलं तेव्हा ताप कमी होता, गेला नव्हता. पाकीट बायकोनं माझ्या हातातून घेतलं आणि उंबऱ्यात बसून फोडलं. वर लग्नाचे फोटो, नवरी, नवरदेव, जेवणाच्या पंगती. तिनं एकेक बाजूला टाकला. शेवटी तो आला.

लाल दिसत होता. असा लाल की रस्ता, जिना, क्लासचा फलक, सगळं त्याच्यापुढं धुळीसारखं. पाठ, वेण्या, रिबिनी. हाकेला मान जराशी वळलेली. चेहरा नाही. फक्त डाव्या कानापुढं गालाची एक कड, नखाएवढी.

बायको त्या कडेकडं बघत राहिली. ‘एवढ्याशा गालाला कोण नजर लावतं’ असं म्हणणार होतो, पण तिच्या मांडीवर पोराचं गरम डोकं होतं.

बाईचा भाऊ त्याच दुपारी आला. बाई सोबत होती, रस्त्यातच उभी, तिथंच, मोकळ्यात. तिला बघून बायकोनं फोटो पदराखाली घेतला. मला वाटलं, संपलं, आता ही तो देत नाही. आणि खरं सांगतो, मला तिचं चूकही वाटलं नसतं.

बायको आत गेली. मी भावाला बसायला सांगितलं, चहा घेतो का विचारलं, क्लासचं भाडं किती वाढलंय ते सांगितलं, पावसाचं सांगितलं. माझ्या तोंडातून शब्दांची गिरणी चालू होती. तो ऐकत नव्हता. दोघंही आतल्या दाराकडं बघत होतो.

ती बाहेर आली तेव्हा तिच्या करंगळीला काजळ होतं. फोटोत गालाच्या त्या नखाएवढ्या कडेवर तिनं तीट लावली होती, लेकराला लावतात तशी, ठसठशीत. रंगीत फोटोवर काजळ धरत नाही, मी तिला सांगू शकलो असतो. सांगितलं नाही. ती उंबरा ओलांडून रस्त्यात गेली आणि फोटो बाईच्या हातात दिला.

बाईनं तो दोन्ही हातांनी धरला. खूप वेळ बघितलं. तीट पुसली जाणार नाही अशा बेतानं कडेला धरून पदरात गुंडाळला आणि विचारलं, “लेकराला बरं न्हाई का?”

“घसा आलाय,” बायको म्हणाली.

“हळद-दूध दे,” बाई म्हणाली, आणि गेली.

ताप त्यानंतर उतरला. दूध, डॉक्टरचं औषध, की तीट, हे ज्याचं त्यानं ठरवावं. मी ज्याला जे आवडेल ते सांगतो. पण पुढची दोनेक वर्षं आमच्या घरात कुणी निवांत नव्हतं. पोरगा शिंकला तरी बायको तो फोटो आता कुठं असेल, कुणाच्या हातात असेल, पत्र्याच्या शेडमधे भिजत तर नसेल, हे विचारायची. फ्रॉक त्याला आखूड झाला, मग कमरेवर आला, मग तिनं तो खालून पट्टी लावून वाढवला. क्लासेस वाढले, समोरची माडी दोन मजले उंच झाली, माझा काळा कोट कोपरावर विरला. पाचवं लागलं आणि आम्ही जावळ काढलं. पोरगा गुळगुळीत डोक्यानं आणि दुकानातल्या नव्या चड्डीत घरी आला आणि आरशासमोरून हलेना.

आता फ्रॉक परत द्यायला हरकत नव्हती. बायकोनं लावलेली पट्टी उसवली, फ्रॉक धुतला, इस्त्री केला, कागदात गुंडाळला. गाडीत ती तो मांडीवर घेऊन बसली. “पुन्हा ओरडली तर?” ती म्हणाली. “एवढ्या उशिरा आणला म्हणून बोलली तर? आता तिला विसर पडत असंल आन् आपण जाऊन उघडं केलं तर?” मी तिला धीर दिला. माझ्या धीराचा कुणाला उपयोग झाल्याचं मला आठवत नाही.

पुनर्वसनाच्या नव्या गावात सगळी घरं एकसारखी, रांगेत. बाई घरात नव्हती, अंगणात बाजेवर बसून शेंगा फोडत होती. आम्हाला बघून उठली, पाणी दिलं. मुलाच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाली, “झालं का जावळ?” बायकोनं कागद सोडला आणि फ्रॉक तिच्या पुढ्यात ठेवला. हात जोडले.

बाईनं तो उचलला. खांद्याला धरून समोर पसरला, आपल्या पोटाशी लावून बघितला, मग हात लांब करून पुन्हा बघितला.

मग तिनं त्याची घडी घातली आणि बायकोच्या हातात परत दिली.

“राहू द्या तुमच्याकडंच,” ती म्हणाली. “लई बारका हाय. तिला आता बसायचा न्हाई.”